त्या पोरांच्या मागे कोण आहे?

ती. दादास,


बालगृहातून बाहेर पडलेल्या त्या दोन पोरांसाठी तुझ्या निगडीच्या फ्लॅटबद्दल फोनवर बोललो तेव्हा तू एकच प्रश्न विचारलास, ‘त्या पोरांच्या मागे कोण आहे?’ तेव्हा घाईत होतास, म्हणून आता सविस्तर लिहिते.

त्यांच्या मागे कायदा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण, म्हणजे आर्थिक आणि इतर आधार, देता येतो. अपवाद म्हणून पुढे आणखी दोन वर्षं. नियमांत अशा तरुणांच्या गटांसाठी तात्पुरत्या सामूहिक घरांचाही उल्लेख आहे. पण प्रत्यक्षात अनुरक्षण गृहं मोजकी, तीही ठरावीक शहरांत. भोसरीत अप्रेंटिसशिप करणाऱ्या पोराने दुसऱ्या जिल्ह्यात छप्पर मिळतंय म्हणून हातचं काम सोडायचं? केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. ती मंजूर होऊन वेळेवर हातात पडली असं धरलं, तरी निगडीत तेवढ्यात काय मिळतं ते मी तुला काय सांगू? भाडं तूच लावतोस!

तरी पैसा हा मला दुसरा प्रश्न वाटतो. एजंट आधी विचारतो, फॅमिली की बॅचलर? मग, गाव कुठलं, वडील काय करतात? इथे दोघं गप्प होतात. थाप मारता येते, काही मुलं मारतातही. पण पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची तर कायमचा पत्ता लागतो आणि यांच्या आधार कार्डावर बालगृहाचा पत्ता आहे. जिथे आता राहायची मुभा नाही, तोच कायमचा पत्ता! तो वाचला की मालकाच्या डोळ्यांपुढे ‘सुधारगृहातली पोरं’ उभी राहतात. अरे, बालगृहात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं असतात. गुन्ह्याचा आरोप असलेल्यांसाठी निरीक्षणगृहं वेगळी आहेत. हे सोसायट्यांच्या कमिट्यांना सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

आणि हे अठरा तरी कसं मोजलेलं? शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तर वैद्यकीय तपासणीवरून वय ठरतं. यातल्या एकाचं तसंच ठरलं. अंदाजाने ठरलेल्या वयावर त्याचा तिथला मुक्काम संपला.

इंग्लंडने २०१४ साली कायदा करून पालक-कुटुंबात (फॉस्टर केअरमध्ये) वाढलेल्या मुलांना, दोन्हीकडची इच्छा असेल तर, एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरी राहायची सोय केली. आपल्याकडे अशी बहुतेक मुलं संस्थेत वाढतात, तेव्हा तेही नाही. तुझा लेक चांगला पंचविशीत बंगळूरला गेला, तेव्हा डिपॉझिट तू भरलंस, घरमालकाशी तू बोललास, गादीसुद्धा इथून पाठवलीस. वहिनीने महिनाभर फोनवरून कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. त्याला कुणी अनुरक्षण म्हटलं नाही, एवढंच.

मला सवलत नको आहे. चालू दराने भाडं घे, दोन महिन्यांचं डिपॉझिट घे. एक आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन आहे, दुसरा बी.कॉम. करून संध्याकाळी दुकानात काम करतो. दोघांत भाडं निघतं, मी हिशेब करून पाहिला आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार कर आणि नोंदव. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची असते; मागच्या भाडेकरूच्या वेळी तू टाळलीस, ते मी विसरलेले नाही. हमी म्हणून माझं नाव घाल. भाडं थकलं तर आधी त्यांना फोन कर, मग मला. मोठी झाली आहेत, त्यांना तसं वागवलेलं बरं.

सोसायटीच्या सेक्रेटरींशी मात्र तूच बोलायला हवं. माझं ते ऐकत नाहीत, फ्लॅटमालकाचं ऐकतील.

सध्या दोघं एका मित्राच्या खोलीत पाच जणांत झोपतात आणि तिथूनही महिनाअखेर निघायचं आहे. तुझा फ्लॅट दिवाळीपासून बंद आहे. शनिवारपर्यंत हो किंवा नाही ते स्पष्ट कळव. ‘बघू’ म्हणू नकोस.

वहिनीस नमस्कार.

तुझी,
माई