दुखेनाशी झालेली दाढ

दाढदुखी ही रात्रीची पाहुणी. दिवसा ती दबा धरून बसते आणि आपण आडवे झालो, डोक्याकडे रक्ताचा ओघ वाढला, की ठणकू लागते. गेल्या पावसाळ्यात मी वसईहून बडोद्यास गेलो, त्याआधीच्या आठ रात्री माझ्या वरच्या डाव्या दाढेने अशाच जागवल्या होत्या. लवंगेचे तेल झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या. नवव्या दिवशी दुखणे एकाएकी थांबले. देवाचे आभार मानून मी गाडीत बसलो.

माझे स्नेही जुन्या शहरात, मांडवीजवळ घडियाळी पोळ येथे राहतात. गायकवाडी अमदानीपासून बडोद्यात स्थायिक झालेले हे मराठी कुटुंब. घरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. पहिल्याच जेवणात त्यांनी विचारले, "मास्तर, एकाच बाजूने का चावता?"

"सवय, आजी. आता दुखत नाही."

"माझीही अशीच थांबली होती हो." एक दाढ काढली, तशी शेजारची रिकाम्या जागेकडे कलली, समोरची खाली उतरली, असे करीत करीत त्यांच्या तोंडात कवळी आली.

दुसऱ्या दिवशी स्नेह्यांनी मला दातांच्या मुळांचेच काम करणाऱ्या एका डॉक्टरांकडे नेले. क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी काळा डाग होता. तेथले हाड झिजू लागले होते. ते म्हणाले, "दुखणे बरे झालेले नाही, दुखणारी नसच मेली आहे." कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचली की आतला जिवंत मगज सुजतो, मरतो, कुजतो. वेदना थांबते, पू मात्र मुळाखाली साठत राहतो.

दाढ उपटणे पुष्कळ स्वस्त होते. मी कचरलो, हे कबूल करतो. पण आजींची कवळी डोळ्यांपुढे आली.

काम दोन खेपांत झाले. बधिर करून, रबराचा पातळ पडदा लावून, केसासारख्या बारीक कानशींनी मुळांतल्या नळ्या साफ केल्या. वरच्या दाढेला बहुधा तीन मुळे असतात. पण एक चौथी नळी पुष्कळदा दडलेली असते आणि ती राहिली तर सारे श्रम वाया. माझी चौथी नळी भिंगाखाली सापडली. (आलेक्झांड्रियात 249 साली जिचे दात छळकऱ्यांनी मोडले, त्या संत अपोलोनियेची त्या खुर्चीत आठवण होणे साहजिकच.) मग नळ्यांत गटापर्चा भरला. हा मलायातील एका झाडाचा चीक. 1851 साली इंग्लिश खाडीखालून तारायंत्राची तार टाकली, तीही यानेच वेष्टिलेली होती.

प्रत्येक दाढ वाचतेच असे नाही. मुळापर्यंत उभी चिरली असेल तर काढावीच लागते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. वाचलेलीही ठिसूळ राहते, म्हणून वर टोपी बसवावी लागते.

संध्याकाळी आजींनी सेव-उसळीची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि लगेच वरची कुरकुरीत सेव स्वतःच काढून घेतली. "टोपी बसेपर्यंत नुसती उसळ," त्या म्हणाल्या, "आणि तीही उजवीकडून."