दोन तांडेल, एक नौका

शिडाच्या नौकेवर नवरा-बायको राहतात म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे निळेशार पाणी, माडांची रांग आणि डेकवर निवांत बसलेली दोन माणसे येतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतूच्या एखाद्या कंकणद्वीपात शिरून नांगर टाकला की हे चित्र खरेच समोर उभे राहते. आम्ही दोघे त्यासाठीच तर समुद्रावर राहतो. पण तिथवर पोचण्यापूर्वी त्या दोघांनी कितीतरी रात्री एकमेकांपासून दूर काढलेल्या असतात, हे त्या चित्रात दिसत नाही. त्या वाटेवर गॅलापागोस बेटांपासून मार्केसास बेटांपर्यंत सुमारे 3000 सागरी मैल अंतर आहे. आमच्यासारखी लहान नौका दिवसाला 120 ते 140 मैल कापते, म्हणजे तीन ते चार आठवडे कुठेही जमीन नाही. विषुववृत्ताच्या आसपास रात्र बारा तासांची असते आणि ती तीन-तीन तासांच्या चार पाळ्यांत वाटावी लागते. एक जागा असतो तेव्हा दुसरा खाली गाढ झोपलेला असतो. झोपलेला असायलाच हवा. नौका दोघांची खरी, पण रात्री ती प्रत्येक क्षणी एकाच्याच हाती असते. माझे सगळे म्हणणे यातूनच निघते. जोडप्याच्या नौकेवर एक तांडेल आणि एक मदतनीस एवढ्याने भागत नाही. दोघेही तांडेल असावे लागतात.

पाळीवरच्या माणसाचे काम वरवर पाहता नुसते बसून राहण्याचे. शिडे लावलेली असतात, सुकाणू यंत्राने सांभाळलेले असते, व्यापारी वारे पाठीशी असतात. पण क्षितिजावर उगवलेला मालवाहू जहाजाचा दिवा वीसेक मिनिटांत अंगाशी येऊ शकतो, म्हणून दर दहा मिनिटांनी उठून चौफेर पाहायचे. मोठी जहाजे एआयएस या जहाज-ओळख यंत्रणेच्या पडद्यावर दिसतात; मासेमारीच्या लहान होड्या बहुधा दिसत नाहीत. मग मागून एक काळा ढग येतो. त्याच्या पोटात किती वारा आहे हे तो अंगावर येईपर्यंत कळत नाही, आणि शीड कमी करायचे तर ते त्याआधीच करायला हवे. खालच्याला उठवायचे की आपणच दोरी सोडायची, हा निर्णय जो जागा आहे त्याचा. ज्याला तो घेता येत नाही तो प्रत्येक ढगाला हाक मारतो. मग जाणत्या माणसाची झोप तुटत जाते, आणि आठवड्याभरात त्याचेही अंदाज चुकू लागतात. एकाचे अज्ञान असे दुसऱ्याच्या ज्ञानालाही पोखरते. ताशी सहा मैलांनी जाणारी नौका एका मिनिटात 185 मीटर पुढे जाते. पाण्यात पडलेल्या माणसाचे डोके त्या अंतरावर, लाटांच्या चढउतारात, तरंगत्या नारळाएवढेही दिसत नाही. पडणारा जर नौकेवरचा एकमेव तांडेल असेल, तर वर राहिलेल्या माणसाला नौका थांबवता आली पाहिजे, मागे वळवता आली पाहिजे आणि ओल्या कपड्यांनी जड झालेला देह दोरी आणि विंच वापरून वर घेता आला पाहिजे. हे सारे त्याच्या हातांना आधीपासून ठाऊक असावे लागते. त्या वेळी पुस्तक उघडून चालत नाही.

हे माझ्या भीतीतून आलेले म्हणणे आहे, असे कोणी म्हणेल. पण समुद्राचा लिहिलेला इतिहास माझ्या बाजूने आहे. 1983 साली टॅमी ओल्डहॅम ही 23 वर्षांची तरुणी आणि तिचा भावी पती रिचर्ड शार्प 44 फुटी ‘हझाना’ ताहितीहून सान दिएगोकडे नेत होते. रेमंड चक्रीवादळाने त्यांना गाठले, नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि रिचर्ड समुद्राने नेला. टॅमी शुद्धीवर आली तेव्हा इंजिन बंद, रेडिओ बंद, आणि ती एकटी. तिने उरल्यासुरल्या सामानातून शीड उभारले, सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून आपली जागा काढली आणि 41 दिवसांनी हवाईतल्या हिलो बंदरात नौका नेली. तिचे धैर्य मोठेच, पण धैर्याला दिशा कळत नाही. सेक्स्टंट तिला आधीपासून वापरता येत होता, म्हणून हवाई सापडले. त्याआधी दहा वर्षे, 1973 मध्ये, मॉरिस आणि मॅरलिन बेली या इंग्रज जोडप्याची नौका गॅलापागोसच्या वाटेवर देवमाशाच्या धडकेने फुटून बुडाली. जवळजवळ चार महिने ती दोघे रबरी तराफ्यावर वाहत राहिली, शेवटी एका कोरियन मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. नौकेवर कप्तान मॉरिस होता. तराफ्यावर उमेद आणि दिनक्रम टिकवला तो मॅरलिनने, जिला पोहताही येत नव्हते. सेफ्टी पिनांचे गळ करून मासे धरत, दिवसांचा हिशेब ठेवत तिने दोघांना जिवंत ठेवले. नेतृत्व कोणत्या दिवशी कोणाकडे जाईल हे आधी ठरवता येत नाही, हे मी या जोडप्याकडून शिकले. आणि एरिक व सुझन हिस्कॉक यांचे उदाहरण तर शांत दिवसांचे आहे. 1952 ते 1955 या काळात 30 फुटी ‘वाँडरर तिसरी’मधून त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. एरिक यांची दृष्टी बरीच अधू होती. पुस्तके एरिक यांच्या नावावर आहेत. पण अशा नवऱ्याबरोबर पृथ्वीला फेरी घालणारी सुझन हिला मी मदतनीस मानायला तयार नाही.

पहिला आक्षेप अनुभवी लोकांकडूनच येतो : एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, जहाजाला कप्तान एकच हवा. आणीबाणीच्या क्षणी हे अगदी खरे आहे. खडक समोर असताना चर्चा करता येत नाही. पण त्या क्षणी हुकूम एकाचा चालणे वेगळे आणि तो ‘एक’ कायम तोच असणे वेगळे. आमच्याकडे ज्याची पाळी, त्याचा हुकूम. उठून वर आलेल्याने आधी विचारायचे, मग दोरीला हात लावायचा. यात फक्त एक अपवाद आहे. दोघांपैकी कोणीही शीड कमी करा म्हटले, किंवा या खिंडीत आज शिरायला नको म्हटले, तर दुसऱ्याने कारण मागायचे नाही. जास्त सावध माणसाचे मत चालते. त्यामुळे कधी वेग कमी होतो, कधी एखादे बेट राहून जाते. वाद मात्र होत नाहीत, कारण भित्रा ठरण्याची लाज कोणालाच वाटत नाही.

दुसरा आक्षेप ताकदीचा. शीड ओढणे, नांगर उचलणे हे बाईमाणसाचे काम नव्हे, असे किनाऱ्यावरचे लोक मला सांगतात. आधुनिक नौकेवर विंच आहे, कप्प्या आहेत, साखळी ओढायला विंडलास आहे. ताकद यंत्र लावते, माणसाने क्रम चुकवायचा नसतो. ज्यांच्याकडे इंजिनाची ताकदही नव्हती त्यांचे काय? लहान चणीच्या लिन पार्डी यांनी पती लॅरी यांच्याबरोबर 24 फुटी ‘सेराफिन’वर अकरा वर्षे प्रवास केला, आणि त्या नौकेला इंजिनच नव्हते. शिवाय ताकदीचा मुद्दा मांडणारे स्वतःच तो पाळत नाहीत. कोणत्याही बेटाच्या नांगरवाड्यात पाहावे : नवरा सुकाणूशी उभा, आणि साखळी, नांगर, चिखल हे जड काम पुढच्या टोकाला बायकोच्या हाती. ताकदीवरून वाटणी केली असती तर हे उलट दिसले असते. ही वाटणी सवयीची आहे. वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात शब्द पोचत नाहीत, म्हणून मग ओरडणे सुरू होते, आणि शेजारच्या दहा नौका ते ऐकतात. हातांच्या खुणा ठरवल्या आणि दोन्ही जागा दोघांनी करून पाहिल्या की हे थांबते, कारण सुकाणूवाल्याला काय दिसत नाही हे पुढच्या टोकावर उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. तुआमोतूत तर याला पर्यायच नाही. दक्षिणेची लाट प्रवाळभिंतीवरून आत पाणी टाकत राहते आणि ते सगळे पाणी एखाद-दुसऱ्या अरुंद खिंडीतून बाहेर धावते, त्यामुळे भरती-ओहोटीचे कोष्टक तिथे अनेकदा खोटे ठरते. आत गेल्यावर पाण्याखालचे पोवळ्यांचे खडक सूर्य डोक्यावर आणि पाठीशी असतानाच दिसतात. पुढे उभे राहणारे डोळे आणि मागे सुकाणू धरणारे हात यांच्यात तेव्हा एक क्षणही वाया घालवता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कामाची वाटणी केल्याने प्रत्येक जण आपल्या कामात निष्णात होतो. मग दोघांनी सगळेच का शिकायचे? माझे उत्तर असे की निष्णात एकच असावा, चालेल. पण दुसऱ्याला ते काम अपुरे का होईना, करता आले पाहिजे. माझ्या नवऱ्याला डिझेल इंजिनची नस माझ्याहून चांगली कळते. मला मात्र फिल्टर बदलता येतो, इंधनात शिरलेली हवा काढता येते, आणि बंदर गाठायला तेवढे पुरते. हे दुसऱ्या बाजूनेही तितकेच खरे आहे. तांदूळ, डाळ, पीठ कोणत्या कप्प्यात किती उरले, गोड्या पाण्याचा हिशेब काय, औषधांच्या पेटीत काय कुठे आहे, डोलणाऱ्या चुलीवर वरणभात कसा शिजवायचा, हे त्याला माहीत नसेल तर मी तापाने पडल्यावर नौका तितकीच अडचणीत येते. स्वयंपाकघरातले अज्ञान कोणी धोक्याचे मानत नाही, ही आपल्या संस्कारांची चूक आहे. जमिनीवर ते झाकले जाते. शेजारी असतात, खानावळ असते, नळदुरुस्तीवाला असतो. आणि तरीही नवरा गेल्यावर बँकेचे कागद कोणते हे ठाऊक नसलेल्या बायका, बायको गेल्यावर चहाही करता न येणारे पुरुष आपल्या घराघरांत आहेत. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण यांतले कोणीही बुद्धीने कमी नव्हते. राहिला प्रश्न शिकवण्याचा. नवऱ्याने बायकोला शिकवले की शिकवणी थोड्याच वेळात भांडणात जाते, ही तक्रार खरी आहे. उपाय सोपा आहे : तिसऱ्याकडून शिकावे. केवळ स्त्रियांसाठी चालणारे नौकानयनाचे वर्ग याच गरजेतून निघाले.

आपल्याकडे याचा ताजा पुरावा आहे. 2 ऑक्टोबर 2024 रोजी भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी गोव्याहून ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवर निघाल्या आणि पृथ्वीला फेरी घालून मे 2025 अखेर गोव्यातच परतल्या. ‘तारिणी’ही गोव्यातच बांधलेली. त्या दोघी जोडपे नव्हेत आणि त्यांचा मार्ग दक्षिणेच्या थंड समुद्रातून होता. पण आठ महिने चालणाऱ्या अशा मोहिमेत नौकेवर दोनच माणसे असताना एकीला सगळे येते आणि दुसरीला निम्मे, असे चालले असते का?

पाळी बदलताना आमच्यात फार बोलणे होत नाही. दिशा, वारा, दिसलेले दिवे, बॅटरीचा आकडा, चहा थर्मासमध्ये आहे, बस्स. तीन आठवडे एका छपराखाली राहूनही आमची भेट होते ती पाच-पाच मिनिटांची, एक जण झोपेतून उठताना आणि दुसरा झोपेकडे जाताना. बेटाच्या आडोशाला पोचल्यावर पहिल्या रात्री आम्ही दोघे एकाच वेळी झोपतो. त्याआधी तो पाण्यात उतरून नांगर रुतला आहे का ते पाहून येतो, आणि मग मी उतरते.