पट्टा आणि पट्टी

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पट्टा सैल पडला की यंत्र मंदावते, हे कोणत्याही फिटरला शिकवावे लागत नाही. निगडीतील एका निवृत्त फिटरने वडिलांच्या ७८ फेऱ्यांच्या नाट्यपदांच्या तबकड्या ऐकण्यासाठी पट्ट्यावर चालणारे टर्नटेबल आणले. गाणे सुरू झाले, पण आवाज किंचित चिरका; पेटी धरावी तर पट्टी दोन स्वरांच्या मधोमध लटकलेली. संशय अर्थातच पट्ट्यावर गेला. #थ्रेड

चावीच्या ग्रामोफोनमध्ये वेग सांभाळायला गव्हर्नर असे. विजेची मोटर आली आणि तिची थरथर सुईपर्यंत पोचू लागली. रबरी पट्टा हा त्यावरचा साधा तोडगा: मोटर बाजूला, थरथर रबरात जिरते. मात्र रबर कालांतराने ताणले जाते.

१९७० मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसपी-१० बाजारात आणले. त्यात पट्टाच नाही; मोटरचा आस तोच थाळीचा आस, आणि वेगावर इलेक्ट्रॉनिक पहारा. १९७२ मध्ये एसएल-१२०० आले. त्याच्या १९७९ च्या आवृत्तीत वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकती कळ होती. डीजेंनी हे यंत्र डोक्यावर घेतले, ते उगाच नव्हे.

शौकीन मंडळी आजही थरथरीवरून वाद घालतात. लाखेच्या तबकडीची स्वतःची खरखरच एवढी असते, की तिथे हा वाद जवळजवळ निरर्थक आहे. तिथे प्रश्न वेगाचा आहे. ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळात ‘७८’ हा आकडा पक्का नव्हता. ७६ फेऱ्यांवर मुद्रित झालेले पद ७८ वर वाजवले, तर ते सुमारे पाव स्वर चढते. म्हणजे हवी ती सरकती कळ. गंमत अशी, की १९७९ च्या त्या गाजलेल्या यंत्रात ३३⅓ आणि ४५ हेच वेग होते, ७८ नव्हताच!

फिटरने कागदाच्या चकतीवर ७७ समान रेघा आखल्या आणि चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ती फिरवली. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. वेग ७८ च्या जवळ असेल तर रेघा स्थिर दिसतात. त्या स्थिर दिसल्या. पट्टा निर्दोष होता, तबकडीच संथ मुद्रित झालेली होती.

मग ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर दुसरी पुली तयार झाली, व्यास अडीच टक्क्यांनी कमी. पट्टा तोच ठेवला. संध्याकाळी पेटीशी पट्टी जुळली. आता डब्यात दोन पुल्या असतात आणि तबकड्यांच्या पाकिटांवर पेन्सिलीने लिहिलेले असते: मोठी, लहान.