घोड्यावरची नर्स आणि तिचं रजिस्टर

नर्सिंगच्या वर्गात मेरी ब्रेकिनरिज शिकवली की मुलींच्या लक्षात राहतो तो घोडा. थंडीवाऱ्यात ओढे ओलांडत बाळंतिणीच्या घराकडे निघालेली नर्स कोण विसरेल? मी मात्र त्यांना विचारते, घोड्यावर बसण्याआधी बाईनं काय काय केलं?

मेरीचा जन्म १८८१चा, अमेरिकेतल्या बड्या राजकीय घराण्यातला. न्यूयॉर्कला शिकून १९१० मध्ये ती नर्स झाली. पुढे तिची मुलगी जन्मल्यावर काही तासांतच गेली आणि मुलगा चार वर्षांचा होऊन. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये मदतकार्य करताना तिला ब्रिटिश नर्स भेटल्या. त्यांनी नर्सिंगबरोबर सुईणकामाचंही रीतसर शिक्षण घेतलेलं होतं. अमेरिकेत अशा बायका जवळपास नव्हत्याच. मग चाळिशी ओलांडलेली मेरी लंडनला गेली आणि विद्यार्थिनी होऊन सुईणकाम शिकली.

त्याआधी १९२३ मध्ये केंटकीच्या डोंगराळ भागात घोड्यावरून हिंडून तिनं गावच्या पन्नासेक सुइणींची कामाची पद्धत लिहून घेतली होती. दुर्गम वस्त्यांना आरोग्यसेवा कशी पुरवतात, हे पाहायला ती स्कॉटलंडलाही जाऊन आली. आणि मगच १९२५ मध्ये लेस्ली काउंटीतल्या हायडन या छोट्या गावी काम सुरू झालं. तिथंही पहिलं पाऊल म्हणजे घरोघर जाऊन जन्ममृत्यूंची नोंद. किती बाळं जन्मतात, किती दगावतात हेच ठाऊक नसेल, तर आपण काय सुधारलं ते सांगणार कसं?

'फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस' म्हणून नावारूपाला आलेल्या या सेवेनं सुमारे सातशे चौरस मैलांत छोटी छोटी केंद्रं उभारली. आपल्या उपकेंद्रांची आठवण व्हावी अशीच. नर्सच्या खोगीरपिशव्या दोन तऱ्हांच्या: एक रोजच्या भेटींची, दुसरी बाळंतपणाची. आत धुता येणारं पांढरं अस्तर. बाळंतपणाची फी पाच डॉलर. पैसे नसले तर वैरण किंवा अंगमेहनतही चाले. कळा सुरू होण्याआधीच्या अनेक भेटींत जोखमीची बाई हेरली जाई. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचनांच्या चौकटीत नर्स स्वतः निर्णय घेई. बाळंतपणानंतरही तिच्या फेऱ्या चालूच.

याचं फळ १९३२ मध्ये दिसलं. मेट्रोपॉलिटन या विमा कंपनीनं पहिल्या हजार बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. बाळंतपणाच्या थेट कारणानं एकही आई दगावली नव्हती. त्या काळी अमेरिकेत हजारामागे सहा-सात माता मरत. हा निकाल काढता आला, कारण प्रत्येक भेट कागदावर उतरली होती. १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि सेवेतल्या ब्रिटिश नर्स मायदेशी परतू लागल्या, तेव्हा मेरीनं हायडनमध्येच सुईणकामाची शाळा काढली. १९६५ मध्ये, हायडनजवळच्या वेंडोव्हरच्या आपल्या घरी ती वारली.

तिला देवी करू नये. वंशश्रेष्ठत्वाच्या त्या काळच्या कल्पना तिच्याही डोक्यात होत्या, आणि गावच्या जुन्या सुइणींना तिच्या योजनेत जागा नव्हती. ही बाजूही मी शिकवते.

आपल्याकडे नियमानं सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असतं. तिथली सिस्टर लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षण सगळं सांभाळते आणि रजिस्टरंही भरते. पण भरलेलं रजिस्टर वरच्या कार्यालयात जातं. त्यातून काय निघालं, हे सिस्टरला क्वचितच कळतं. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये प्रशिक्षित मिडवाइफ तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं आणली, हे चांगलंच झालं. पण नुसत्या प्रशिक्षणानं भागणार नाही. सिस्टरला निर्णयाचा अधिकार द्या, तिच्या डोक्यावरची बाकीची कामं कमी करा आणि तिनं लिहिलेले आकडे तिच्याच समोर बसून वाचा. मेरीच्या यशातला आपल्याला उचलता येण्याजोगा भाग हाच आहे.