सैतानालाही स्तोत्र पाठ होतं

आमच्या नगरकडच्या मंडळीत रविवारच्या शाळेत एक हिशेब घोकून घेत: पवित्र शास्त्राचे ११८९ अध्याय, रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पुस्तक पुरं. हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात फेब्रुवारी धरलेला नाही. जानेवारीत उत्पत्ती आणि निम्मं निर्गम भराभर सरतं. मग निवासमंडपाची मोजमापं, लेवीय, त्यामागून गणना, आणि बरेच जण तिथेच गळतात. मी गळत नाही. पण ही भक्ती कमी, सवय जास्त. पहिल्या पाळीची बस यायच्या आत चहा आणि वाचन दोन्ही उरकलेलं असतं.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मालतपासणीला आहे. बाहेरून आलेलं कास्टिंग बघायचं, लॉट पास करायचा, नाहीतर लाल टॅग लावायचा. या फेब्रुवारीत एका लॉटमध्ये ब्लोहोल, म्हणजे धातूतल्या पोकळ्या, निघाले. माल पुरवणारा जुना ओळखीचा. त्याने ना आवाज चढवला, ना गयावया केली. टपरीवर चहा सांगितला आणि म्हणाला, "साहेब, पोरीच्या नर्सिंगच्या फीचं माझ्यावर सोडा. एवढा लॉट जाऊ द्या." फीचं त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.

उपासनेत लोक साक्ष देतात तेव्हा अशा प्रसंगी सकाळचं वचन नेमकं धावून आलेलं असतं. माझं सकाळचं वाचन होतं गणनेचा सातवा अध्याय. बारा वंशांचे सरदार वेदीच्या समर्पणाला भेटी आणतात, प्रत्येकाची भेट हुबेहूब तीच: चांदीची परात, चांदीचा कटोरा, सोन्याचं धूपपात्र, गुरंमेंढरं. यादी बारा वेळा जशीच्या तशी. लाच समोर असताना डोक्यात परातीच फिरत होत्या.

शास्त्र आठवलं ते निराळ्याच बाजूने. फीसाठी घरी रोज रात्री प्रार्थना चालली होती. मनात आलं, प्रभू कुणाच्या हातून देईल हे ठरवणारा तू कोण? एलीयाला कावळ्यांनी भाकर आणून दिलीच ना? बोलणं इतकं विश्वासाचं वाटत होतं की पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं असतं तर मी आमेन म्हटलं असतं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभं करतो आणि एक्क्याण्णवावं स्तोत्र म्हणून दाखवतो, ते तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. येशूची तिन्ही उत्तरं अनुवाद या पुस्तकातली आहेत, सैतानाचा दाखला स्तोत्रांतला. पुस्तक दोघांकडेही आहे. फरक एवढाच दिसतो की येशू वाद घालत बसत नाही, एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा होतो.

मी म्हटलं, "लॉट परत जाईल." चहाचे पैसे मी दिले. यात विश्वास किती आणि भीती किती, हे मला आजही सांगता येणार नाही. मशीनवर चढल्यावर ब्लोहोल उघडे पडलेच असते आणि टॅगवर सही माझीच असती.

पाचसहा दिवसांनी वाचन बलामापाशी आलं. ही गोष्ट म्हणजे बोलणाऱ्या गाढवीची, असंच लहानपणापासून डोक्यात बसलेलं. या वेळी मी गाढवीच्या अलीकडेच अडखळलो. इस्राएलाला शाप द्यायला जाऊ नकोस, असं देवाने त्याला स्पष्ट सांगितलेलं असतं. मग बालाक राजा आणखी मोठी माणसं आणि आणखी मोठ्या मानाचं आश्वासन पाठवतो, तेव्हा बलाम म्हणतो, रात्रभर थांबा, परमेश्वर आणखी काय सांगतो ते बघतो. तोंडाने तो अगदी बरोबर बोलतो: घरभर सोनंचांदी दिली तरी देवाची आज्ञा मोडणार नाही. तरी पाहुण्यांना निरोप देत नाही. माझा कावळ्यांचा युक्तिवाद याच जातीचा होता: उत्तर ठाऊक असताना पुन्हा विचारणं, आणि तेही प्रार्थनेच्या सुरात.

हे मी घरी मोठ्या गांभीर्याने सांगितलं. बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "बलामाला गाढवीने अडवलं, तुम्हाला ब्लोहोलने." फीसाठी काढलेलं पतसंस्थेचं कर्ज तिच्या नावावर आहे, तेव्हा असं बोलायचा तिला हक्क आहे.