माणसागणिक हिशेब

आमच्या ऑफिसात मला धरून सहा माणसं. प्रसूतीच्या सव्वीस आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा लागू व्हायला निदान दहा लागतात. करसल्लागाराच्या ऑफिसात आठ वर्षं काढल्यावर एवढं कुणी मला वेगळं सांगायला नको होतं. सर जागा राखून ठेवतो म्हणाले आणि त्यांनी ठेवलीही; पण नोव्हेंबरपासून माझे १९,००० बंद. उरले नवऱ्याचे चाकणच्या कंपनीतले ३४,०००. त्यातून थेरगावातल्या दोन खोल्यांचं भाडं ११,००० आणि गाडीचा हप्ता आधीच जायचा.

बाळ येणार म्हटल्यावर खर्च वाढणार हे सगळेच सांगतात. माझी अडचण जरा निराळी होती. पैसा कमी होणार त्याच महिन्यांत माझं खाणं वाढायला हवं होतं. हिमोग्लोबिन ९.६ आलं होतं. गरोदर बाईचं ११ च्या खाली असलं की तो रक्तक्षयच, असं डॉक्टर म्हणाल्या. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर दोन आकडे लिहून दिले : पोट दिसायला लागल्यावर रोजच्या जेवणापेक्षा ३५० कॅलरी जास्त, आणि अंगावर पाजायला लागल्यावर पहिले सहा महिने ६०० जास्त. मी दुसऱ्या आकड्याकडे बघतच राहिले. आपल्याकडे दोन जिवांची म्हणून गरोदर बाईचे लाड होतात, डोहाळे पुरवतात. बाळंतिणीला मात्र त्याहून जास्त लागतं.

२०२५ चा जुलै होता, पाचवा महिना सरत आला होता. रविवारी मी आणि नवरा वही घेऊन बसलो. सासूबाई समोर कोथिंबीर निवडत होत्या. जुना खर्च मला तोंडपाठ होता. वाण्याचा किराणा ५,२००. एक लिटर दूध, महिन्याचे १,७४०. भाजी आणि फळं २,४००. अंडी, चिकन, कधीतरी मटण, १,५००. सिलिंडर ८६०. आणि बाहेरचं, म्हणजे रविवारची बिर्याणी, मोबाइलवरून मागवलेलं, नवऱ्याचा कंपनीच्या गेटवरचा वडापाव-चहा, असं सगळं मिळून २,९००. बेरीज १४,६००. यात कात्री कुठं लागणार हे सांगायला नको. बाहेरचं ७०० वर आणलं. नवऱ्याने हूं की चूं केलं नाही, फक्त बिर्याणी घरी जमेल का एवढं विचारलं. जमते. हॉटेलसारखी होत नाही.

मग मी नव्या पानावर बाळाचं नाव लिहायचं म्हणून ‘बाळ’ असा रकाना पाडला. नवऱ्याने लगेच पावडरच्या डब्याचे २,००० सांगितले. कुणीतरी मित्राने त्याला दोन डबे घरात असू द्यावेत असं सांगून ठेवलं होतं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, आधीपासून डबा आणूच नका. सहा महिने आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. लागलाच तर आम्ही सांगू. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने या पावडरींची जाहिरात करायला आणि फुकट नमुने वाटायला बंदी आहे, तरी जाहिरातीचं काम मित्र करतातच. ‘बाळ’ या रकान्यात मी शून्य लिहिलं. आणि ते लिहिताना जाणवलं, की बाळाचा खर्च म्हणून आपण जे धरतोय तो सगळा माझ्या ताटातून जाणार आहे, आणि माझ्या ताटाचा या पानावर पत्ताच नाही.

किराणा मालाची यादी आपण वस्तूंची करतो. तूरडाळ अडीच किलो, तेल चार लिटर, शेंगदाणे एक किलो. यादी चोख असते, पण कुणाच्या पोटात काय गेलं ते तिच्यात कुठंच दिसत नाही. आमचं दूध घ्या. एक लिटर येतं, तिघांच्या घराला ते कमी नाही. सकाळचा चहा, नवरा निघताना पुन्हा चहा, दुपारी सासूबाईंचा, संध्याकाळी सगळ्यांचा, मधे कुणी आलं तर त्यांचा. राहिलेल्याचं विरजण. आहारतज्ज्ञ बाई मला दोन पेले दूध प्या म्हणत होत्या, आणि माझ्या वाट्याला येत होतं चहातलं तेवढंच. अंड्यांचंही तसंच : डझनभर आणली की नवऱ्याच्या डब्यात रोज दोनाचं ऑम्लेट, कारण तो बिचारा लाइनवर उभा असतो. शेंगदाणे खिचडीत आणि कोशिंबिरीत. एवढा माल घरात येऊनही माझं हिमोग्लोबिन ९.६ का, याचं उत्तर त्या पानावर नव्हतं.

म्हणून पान आडवं धरलं आणि वस्तूंऐवजी माणसांचे रकाने पाडले. नवरा, सासूबाई, मी, आणि चौथा ‘येणारे-जाणारे’. ऑफिसात आम्ही भागीदारांची खाती अशीच वेगळी लावतो. दुकानाचा नफा एकच, पण कुणी किती उचल घेतली ते ज्याच्या त्याच्या खात्यावर. माझ्या खात्यावर घातलं ते असं : अर्धा लिटरची वेगळी पिशवी, ८७० रुपये. अंड्यांचे दोन ट्रे, ४२०. पालेभाजी, लिंबं आणि हंगामातलं एक फळ, ६००. भाजलेले शेंगदाणे, गूळ, खजूर, ४००. एकूण २,२९०. दिवसाला शहात्तर-सत्त्याहत्तर रुपये. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगाला लागत नाही, म्हणून सकाळचा दुसरा चहा मी सोडला आणि लिंबूपाणी धरलं. कॅल्शियमची गोळी संध्याकाळी, दोन्ही एकत्र नाहीत.

सफरचंद वगळलं ते मुद्दाम. हॉस्पिटलच्या दारातली गाडी बघून वाटतं, गरोदर बाईने सफरचंदच खायचं असतं. त्याच पैशांत पेरू आणि केळी दुप्पट येतात, आणि पेरूतलं क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करतं. शहाळ्यालाही तसाच मान. त्या वर्षी शहाळं सत्तर-ऐंशीला होतं. ते महिन्यातून एखादं, हौस म्हणून, बाहेरच्या खात्यावर.

माझ्या खात्यावरचं बरंचसं जुन्याच खर्चातून वेगळं काढलेलं होतं, म्हणून नवा हिशेब साडेतेरा हजारांत बसला. म्हणजे खर्च घटवून माझं खाणं वाढलं होतं, आणि ते कसं झालं हे नवऱ्याला पटायला जरा वेळ लागला. त्याने मोबाइलवर पुन्हा बेरीज मारून पाहिली.

सासूबाई तोवर गप्प होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘माझ्या रकान्यात काय लिहिलंस?’’ मी वाचून दाखवलं : दोन चहा, दोन भाकऱ्या, भाजी, रात्री वरणभात. ‘‘रात्री वरणभात कधी खाते गं मी? सकाळची भाकरी उरलेली असती की.’’ त्यांना मधुमेह आहे. उरलेलं संपवणं हे त्यांचं काम असं त्यांनीच ठरवून घेतलेलं, आणि आम्ही तिघंही त्या घरात रोज जेवत होतो. मग त्यांच्या खात्यावर मूग, मटकी आणि रोजचं ताक आलं. हे बाळंतपणाच्या हिशेबात कुठं बसतं म्हणाल तर बसत नाही. बसवलं.

रोजच्या खर्चापलीकडे बाळंतपणाचा एक स्वतंत्र डबा होता. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत माझ्या पगारातून महिन्याला २,००० बाजूला टाकले, ८,००० झाले. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म अंगणवाडीताईंनी भरून घेतला होता. पगारी रजा नाही म्हणून मी त्यात बसत होते. पहिल्या बाळाला ५,०००, त्यातले ३,००० नोंदणी आणि तपासणीनंतर, उरलेले २,००० बाळाची जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्यावर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात निदान ६,००० म्हटलंय. हजार रुपये दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या दुसऱ्या योजनेतून भरून निघतात, असा सरकारचा खुलासा आहे; ते सगळ्यांना मिळतात असं नाही. मला नाही मिळाले. पण ३,००० आले ते वेळेवर आले.

गौरी गेल्या आणि पितृपंधरवडा लागायच्या आत डोहाळेजेवण उरकलं, घरातल्या घरात. डिंकाच्या लाडवांची खरेदी मात्र मी मुद्दाम घटस्थापनेपुढे ढकलली. ऑफिसात सप्टेंबरभर जीएसटीच्या नव्या दरांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं : २२ सप्टेंबरपासून तूप आणि सुकामेवा १२ टक्क्यांवरून ५ वर. वाण्याकडे जुन्या छापील किमतीचा माल होता, तरी त्याने कुरकुर न करता नवा दर लावला. किलोभर तूप, पाव किलो बदाम, अर्धा किलो खारीक यांत जे वाचलं ते खोबऱ्याने खाल्लं. दक्षिणेत नारळ कमी आल्याने त्या वर्षी खोबरं भडकलं होतं. आईला फोनवर भाव सांगितला तर ती म्हणाली, ‘‘खोबरं निम्मं कर, तीळ घाल. आणि गोडंबी आणू नको, मी आणतीया.’’

आमचं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण डॉक्टर इथल्या, रक्त कमी, म्हणून आईच इकडे आली. येताना कोठीतली मागच्या सुगीची शाळू ज्वारी अर्धं पोतं, बाजरी, हुलगे, शेताच्या बांधावरचे शेवगे, आणि गोडंबी. तिच्या पोत्याने माझ्या किराण्यात बाराशे-पंधराशेची सूट पडली. वहीत मी ते जमेला धरलं तर ती रागावली. माहेरचं लिहितात होय?

मुलगी झाली, नोव्हेंबर संपताना.

पहिले पंधरा दिवस वही उघडली नाही. उघडली तेव्हा चौथा रकाना, येणारे-जाणारे, फुगलेला. बाळ बघायला येणारा माणूस झबलं आणतो आणि चहा घेतो. साखर संपत होती, दूध दोन लिटरवर गेलं होतं, पोहे तर विचारू नका. सिलिंडरही लवकर संपला. आंघोळीचं पाणी, बाळाचं, बाळंतिणीचं, शेकशेगडीचा विस्तव. मी ‘येणारे-जाणारे’ला १,००० धरले होते, गेले २,३००. ते बाळंतपणाच्या त्या डब्यातून भागले. माझी अर्ध्या लिटरची पिशवी मात्र आईने हलू दिली नाही. पाहुण्यांच्या चहाला दूध कमी पडलं तर नवऱ्याला खाली पाठवायची, पण फ्रिजच्या वरच्या खणातल्या पिशवीला हात लावू द्यायची नाही.

खरी ओढाताण पथ्याची झाली. आईच्या मते बाळंतिणीला बाजरीची भाकरी, शेपू, मेथी, लसणाची चटणी, हळिवाची खीर. सासूबाईंच्या मते हेच, पण वर डाळ नको, दही नको, वांगं-बटाटा नको, बाळाला वात होतो. दोघींच्या नकारांची बेरीज केली की माझ्या ताटात भाकरी, तूप आणि शेपू राहायचा, आणि घरच्यांसाठी दुसरा स्वयंपाक. दोन चुली म्हणजे दोन खर्च. डाळ नसेल तर मला, अंडं न खाण्याच्या दिवशी, प्रथिनं कुठून मिळणार? डॉक्टर म्हणाल्या, सगळं खा. डॉक्टरांचं ऐकून सासूबाई मानतील असं नव्हतं, पण मूगडाळीला दोघींचाही आक्षेप नव्हता, हुलग्याचं माडगं तर दोघींनाही हवंच होतं. तिथून सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात तूरडाळ आली, वांगं महिन्याने. दही अजून वादात आहे. बाळगुटीवर मात्र मी हटून बसले, ती उगाळली नाही. त्या दिवशी दोन्ही विहिणी एका बाजूला होत्या.

हळिवाबद्दल एक सांगते. पाव किलो आणलं, ते आठवडे न् आठवडे पुरलं, एवढंसं भिजवलं तरी वाटीभर फुगतं. लोह भरपूर, किंमत थोडी. एवढ्या स्वस्त वस्तूचा मान महाग डिंकापेक्षा कमी का, ते मला कळलेलं नाही. लाडू मी खाल्ले, आवडीने खाल्ले, पण निम्मे पाहुण्यांनी आणि नवऱ्याने संपवले हेही खरं. हळीव फक्त मीच खाल्लं.

जानेवारीत रक्त तपासलं, ११.२.

आता मार्च चालू आहे. आई सुगीला परत गेली. लसीचा तिसरा डोस झाला, उरलेल्या २,००० चा फॉर्म भरलाय. सरांचा फोन आला होता, मार्चअखेरीस निदान घरून काम बघशील का म्हणून. बघणार आहे. त्याचे पैसे किती हे ठरलेलं नाही. परवा सासूबाईंनी वही मागून घेतली आणि ‘बाळ’च्या रकान्यातलं शून्य बघून म्हणाल्या, ‘‘उष्टावणाला नाचणीचं सत्त्व लागंल. नाचणी आत्ताच आणून ठेवायची का मे महिन्यात?’’ मी म्हटलं, मे महिन्यात. नवरा म्हणाला, एप्रिलात भाव बघून सांगतो.