शेवेचा चुरा आणि मरलेटचं अंडं

उष्टं-खरकटं केराच्या बादलीत जाण्यापेक्षा पाखरांच्या पोटात गेलेलं बरं, हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. घरात तसंच चालायचं. आई स्वयंपाक झाला की भाताचा घास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. पितृपक्षात कावळा शिवेपर्यंत घरातली सगळी ताटकळायची. आम्हा भावंडांना भरवताना तर निम्मे घास चिऊ-काऊच्या नावाने आमच्याच पोटात जायचे. हीच सवय घेऊन मी कॅलिफोर्नियात आले. सांताक्रूझच्या डोंगरात रेडवुडच्या जंगलात कॅम्पिंगला गेलो की जेवणं आटोपल्यावर पिकनिक टेबल हाताने झटकायचं आणि चुरा खाली पाडायचा. माझ्या लेखी ती टेबलाची स्वच्छताही होती आणि थोडंसं पुण्यही.

आता तसं वाटत नाही. मत बदललं खरं, पण बरीच कुरकुर करून बदललं.

या टेबलांची थोडी हकिकत आधी सांगायला हवी. जाड फळ्या, दोन्ही बाजूंना जोडलेली बाकं आणि दोघांनाही हलू नये इतकं वजन. मला वाटायचं, चोरीच्या भीतीने एवढं जड केलं असेल. चोरीची भीती असेलही, पण कारण त्याहून जुनं आहे. एमिलिओ माइनेकी नावाचे झाडांच्या रोगांचे एक अभ्यासक अमेरिकी कृषिखात्यात होते. 1920च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दाखवून दिलं, की माणसं आणि मोटारी रेडवुडखाली वाटेल तिथे वावरतात, त्याने जमीन दडपते आणि झाडांची वरवर पसरलेली मुळं गुदमरतात. 1932 साली त्यांनी उपाय मांडला: गाडीची जागा ठरवा, चूल ठरवा, टेबल ठरवा आणि हलवता येणार नाही असं बसवा; माणूस आपोआप त्यांच्याभोवतीच राहतो. पुढे सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी देशभर अशी कॅम्पग्राउंडं उभी केली. म्हणजे हे टेबल मुळात झाडाला वाचवण्यासाठी तिथे आहे.

एकदा नुसतं टेबलाकडे नीट बघा. दोन फळ्यांमध्ये बोटाचं टोक जेमतेम जाईल एवढी फट असते. पावसाचं पाणी निथळावं आणि लाकूड फुगलं तरी फळी उचलू नये म्हणून ती ठेवलेली असते. या फटीत काय नसतं? मेणबत्तीचं मेण, वेफर्सचे तुकडे, भाताची वाळून टणक झालेली शितं, आणि आमचा गट जाऊन आला असेल तर शेव. आपल्या सहलीच्या खाण्याइतकं सांडणारं खाणं जगात दुसरं नसेल. चिवडा, कुरमुरे, भेळ, सगळा चुऱ्याचाच कारभार. बोट जिथे पोचत नाही तिथे चोच बरोबर पोचते. ती चोच स्टेलर्स जे या पक्ष्याची. अंग निळं, डोकं काळं, वर तुरा, आणि खानदान कावळ्याचं. मला तो फार आवडायचा. बाकाच्या कडेवर येऊन बसायचा आणि हक्काने मागायचा. मी द्यायची.

कॅम्पग्राउंडवर 'क्रम्ब क्लीन'च्या पाट्या होत्याच. चुऱ्याचा कणही मागे ठेवू नका, असं त्यांचं सांगणं. मी त्या वाचून सोडून दिल्या. मग एका सकाळी कॅम्प होस्ट बाई फिरत आल्या. होस्ट म्हणजे बहुधा निवृत्त माणसं. फुकट जागेच्या बदल्यात हंगामभर तिथे राहून देखरेख करतात. मी पोह्यांचे दाणे खाली झटकत होते. त्या रागावल्या नाहीत. वर बघत एवढंच म्हणाल्या, "वरच्या फांदीवर कुणाचं तरी अंडं असेल. तुम्ही त्या जेला इथला पत्ता देताय."

अंडं मार्बल्ड मरलेटचं. हा समुद्रपक्षी. आयुष्य पाण्यावर काढतो, मासे खातो, पण अंडं घालायला किनारा सोडून कित्येक मैल आत, जुन्या जंगलात येतो. घरटं बांधत नाही. शंभर-दीडशे फूट उंचीवरच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवर एकच अंडं घालतो. तो अंडं कुठे घालतो हे अमेरिकेत 1974 सालापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. त्या ऑगस्टमध्ये सांताक्रूझच्याच डोंगरातल्या बिग बेसिन उद्यानात फांद्या छाटायला वर चढलेल्या एका कामगाराला डग्लस फरच्या फांदीवर पिल्लू दिसलं, तेव्हा कोडं सुटलं. 1992 साली हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीत गेला. जेला अंडं आवडतं. टेबलावर आयतं खाणं मिळालं की जे तिथे जमतात, वाढतात, आणि दोन घासांच्या मधल्या वेळात वरच्या फांद्या धुंडाळतात.

हे ऐकून मला पाझर वगैरे फुटला नाही. उलट राग आला. जुन्या रेडवुड जंगलापैकी आज जेमतेम पाच टक्के उरलं आहे. बाकीचं कुणी कापलं? मी नाही. कुऱ्हाडी चालवून गडगंज झालेली माणसं वेगळी, आणि हिशेब मागायचा तो माझ्या शेवेचा? शिवाय अन्न टाकू नये हे संस्कार आमचे, आणि ते इथे येऊन गुन्हा ठरावेत? घरी परतताना गाडीत मी हे सगळं नवऱ्याला ऐकवलं. तो गाडी चालवत होता, त्यामुळे त्याला पळता आलं नाही.

राग गेला तो त्याच पाच टक्क्यांनी. ती उरलेली झाडं आहेत कुठे? बरीचशी उद्यानांत. आणि सगळ्यांत सुंदर, सगळ्यांत जुन्या झाडांखालची सपाट जागा बघूनच तर कॅम्पग्राउंडं काढली गेली. मरलेटला हवी तशी रुंद फांदी यायला झाडाला शेकडो वर्षं लागतात. म्हणजे त्याला अंडं घालायला उरलेल्या थोड्या फांद्यांपैकी काही नेमक्या माझ्या टेबलाच्या डोक्यावर आहेत. जंगल कुणी तोडलं याचा हिशेब खरा, पण त्याने माझी शेव सुटत नाही. जंगल कमी उरलं म्हणूनच ती महाग पडते.

जेला आवरायचे इतर प्रयोगही झाले आहेत. उत्तरेकडच्या रेडवुड उद्यानांत कोंबडीची लहान अंडी मरलेटच्या अंड्यासारखी रंगवून, आत वांती होईल असं औषध भरून ठेवली, म्हणजे जेला त्या अंड्याची शिसारी बसावी. डोकं लावलेला उपाय आहे. पण आम्ही खाऊ सांडायचा आणि पाखराला ओकायला लावायचं, यापेक्षा टेबल पुसणं मला जास्त सभ्य वाटतं.

टेबल पुसण्याचीही रीत असते. आधी पाण्याचा हात लावला की चुरा भिजून फटीत घट्ट बसतो. म्हणून आधी कोरडा ब्रश, चुरा ताटलीत, ताटली पिशवीत, मग ओला फडका. फटीत जुना टूथब्रश. तारेचा ब्रश मात्र नको. त्याचे लोखंडी कण रेडवुडमध्ये अडकले की लाकडातल्या टॅनिनमुळे काळे डाग पडतात. जुन्या टेबलांवर खिळ्यांभोवती दिसतात तेच. टेबलं करडी, बिनचकाकीची का ठेवतात हेही मला तेव्हा कळलं. उन्हापावसात लाकूड फुगतं-आकसतं, त्यावर व्हार्निशचा थर टिकत नाही, पापुद्रे सुटतात. प्रेशर वॉशरने धुतलं तर मऊ तंतू निघून जातात आणि लाकडावर नवे खाचखळगे होतात, म्हणजे चुऱ्याला नव्या जागा. तडकलेली फळी वेळेवर बदलणं हे मला पूर्वी शोभेचं काम वाटायचं. आता तेही पाखरांच्याच खात्यात धरते.

आई इथे आली होती तेव्हा तिला हे कसं सांगावं, हा प्रश्नच होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, बाळंतिणीच्या खोलीत कावळ्याला कुणी घास ठेवतं का?" मग तिनेच पदर खोचून बाकाखालचे कुरमुरे वेचले. मला मात्र जेला हुसकताना अजूनही बरं वाटत नाही. तो त्याच्या पोटाचं बघतो, त्याचा काय दोष?

मरलेटचा विणीचा काळ मार्चअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो, आणि बे एरियातल्या आपल्या मंडळींच्या सहलीही तेव्हाच निघतात. तेव्हा एवढं करा: भेळ टेबलावर न कालवता मोठ्या परातीत कालवा, खरकटं पाणी नळाखाली ओतू नका, आणि निघण्याआधी कुणीतरी एकाने बाकाखाली वाकून बघा.